स्वतःचा खापरपणतू

योनासची प्रेयसी ही त्याची सख्खी आत्या लागते, हे माझ्या सख्ख्या आत्याला कोणी सांगायचं, यावरून 2020 च्या मे महिन्यात आमच्या घरात चिठ्ठ्या टाकायची वेळ आली होती. बायको म्हणाली, "तुझी आत्या, तू सांग." मुलगी म्हणाली, "मालिका बाबांनी लावली, बाबा सांगतील." आमच्या घरातल्या कुठल्याही मतदानाचा निकाल जसा लागतो, तसाच लागला.

त्याचं असं झालं. आत्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात चिपळूणहून पुण्याला आली ती मोतीबिंदूसाठी. उजवा डोळा झाला. डावा पाडव्यानंतर करू, असं डॉक्टर म्हणाले, आणि नेमका पाडव्याच्या दिवशीच देश बंद झाला. एक डोळा नवा, एक जुना, अशा अवस्थेत ती आमच्या हॉलमधल्या दिवाणावर अडकली. दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं 'रामायण' चालू होतं तोवर सगळं सुरळीत होतं. एप्रिलच्या मध्यावर तेही संपलं आणि संध्याकाळ खायला उठली. अशा वेळी शहाणा माणूस पत्ते काढतो. मी म्हणालो, "आत्या, 'डार्क' नावाची एक जर्मन मालिका आहे. अवघड आहे, पण भारी आहे."

अवघड आहे हे मला 2017 च्या डिसेंबरात पहिला सीझन आला तेव्हापासून माहीत होतं. भारी आहे हे लोक सांगत होते. खरं सांगायचं तर मला 'डार्क' कळलेलीच नव्हती. दोन सीझन पाहून झाले होते, निदान अकरा जणांना 'बघाच' म्हणून सांगून झालं होतं, आणि तरी त्यातला म्हातारा कोण आणि तरुण कोण, आणि दोघं एकच असतील तर आत्ता एकमेकांशी बोलतंय कोण, हे विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. पण न कळलेली गोष्ट आवडली की माणूस तिचा कडवा प्रचारक होतो. कळलेल्याला निदान एखाददुसरी शंका तरी असते.

तर विंडेन नावाचं जर्मनीतलं गाव. गावात अणुऊर्जा प्रकल्प, प्रकल्पाजवळ जंगल, जंगलात गुहा, आणि गुहेत शिरलं की माणूस 33 वर्षं मागे निघतो. 2019 मधून 1986 मध्ये, 1986 मधून 1953 मध्ये. मिकेल नावाचा शाळकरी पोरगा 2019 मध्ये हरवतो, 1986 मध्ये सापडतो, तिथेच वाढतो, लग्न करतो, आणि त्याला मुलगा होतो. तो योनास. योनासचं जिच्यावर प्रेम आहे ती मार्था म्हणजे मिकेलची बहीण. आता सांगा, हे सत्तरीच्या बाईला वरणभात कालवताना कसं सांगायचं?

सांगावं लागलंच नाही. मालिकेत ते उघड व्हायला दोन भाग बाकी असतानाच आत्या म्हणाली, "म्हणजे ही पोरगी त्याची आत्या की रे." आम्ही तिघंही ताटात बघू लागलो. "मामाची मुलगी करतात," ती शांतपणे पुढे म्हणाली, "आत्याची मुलगीही कुठे कुठे चालते. पण खुद्द आत्या? यांच्यात मध्यस्थ कोण होता?" आणि मुलीकडे वळून म्हणाली, "एक मोठा कागद आण गं."

इथे आत्याची पार्श्वभूमी सांगायला हवी. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी तिने नऊ वर्षं काम केलं आहे. कुलवृत्तांत म्हणजे एक जाडजूड ग्रंथ. त्यात मूळ पुरुषापासून कालपरवा बारसं झालेल्या बाळापर्यंत सगळ्यांची नोंद असते, आणि तो हातात पडला की प्रत्येक जण आधी स्वतःचं नाव शोधतो आणि मग त्यातली चूक. त्यासाठी आत्याने शेकड्यांनी पोस्टकार्डं टाकली, लग्नकार्यांत जेवणापेक्षा जन्मसालं जास्त गोळा केली आणि एकाच शाखेतल्या सात विष्णूंना एकमेकांपासून वेगळं काढलं. त्यातला एक ऐंशीव्या वर्षीही 'बाळ' होता आणि दुसरा जन्मल्यापासून 'आजोबा'. अशा बाईपुढे मी विंडेनमधली चार घराणी नेऊन ठेवली. कानवाल्ड, नील्सन, डॉपलर आणि टीडेमान.

मुलीच्या प्रोजेक्टमधला उरलेला पांढरा कार्डशीट आला. तीन स्केचपेनं आली. निळं जन्माला, लाल लग्नाला आणि हिरवं भानगडीला. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात हिरवं पेन फिकट उमटायला लागलं. योनासची आई हाना ही उलरिखच्या मागे. उलरिख हा मिकेलचा बाप. मिकेल हा हानाचा नवरा. "म्हणजे सुनेचं सासऱ्याशी..." आत्याने हिरवं पेन खाली ठेवलं, तांब्यातलं पाणी प्यायली आणि पुन्हा उचललं.

खरी अडचण दुसऱ्या सीझनमध्ये आली. शार्लोटची मुलगी एलिझाबेथ. इथपर्यंत सोपं आहे. पण शार्लोटची आई कोण, तर तीच एलिझाबेथ. आई मुलीची मुलगी आणि मुलगी आईची आई. मी खुर्चीतून उठून बाल्कनीत गेलो. परत आलो तर आत्या कार्डशीट उचलून धरून एका डोळ्याने निरखत होती. मग तिने त्याची नळी केली, वरची कड खालच्या कडेला टेकवली, चिकटपट्टी लावली आणि शार्लोटपासून निघालेला निळा बाण गोल फिरवून पुन्हा शार्लोटवर आणून सोडला. "कागद सपाट ठेवलास तर मरेपर्यंत कळणार नाही," ती म्हणाली. ही मालिका रचणाऱ्या बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझे या जोडप्याने भिंतीवर काय काय चिकटवलं होतं मला माहीत नाही, पण आमच्याकडे 'डार्क' टीव्हीशेजारी नळीच्या रूपात उभी होती.

तिसरा आणि शेवटचा सीझन आला तो 27 जून 2020 ला, शनिवारी. मालिकेत विंडेनचा विनाश ज्या दिवशी होतो, नेमकी तीच तारीख. आपल्याकडे ऐन दुपारी साडेबाराला. मी रिमोट हातात घेऊन बसलो होतो. आत्या म्हणाली, "आधी जेवून घे. जग बुडतंय म्हणून वरण गार करायचं का?"

जेवणानंतर आम्ही दोन भाग पाहिले आणि सगळ्यांना झोप लागली. याची शिक्षा मला संध्याकाळी गच्चीवर मिळाली. आमच्या सोसायटीत त्या दिवसांत पाळीपाळीने गच्चीवर चालायची मुभा होती, मास्क लावून, अंतर ठेवून. चालणं हे निमित्त. खरा कार्यक्रम मतप्रदर्शनाचा. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्याने आठही भाग संपवूनच जिन्याला पाय लावला होता. कसे संपवले हे विचारायचं नसतं. अशा लोकांचं जेवण कीबोर्डवरच होतं.

"पाहिलास का?" त्याने विचारलं.

खरं उत्तर होतं, 'दोन भाग, त्यातला दीड जागेपणी'. मी म्हणालो, "अप्रतिम."

"कुठलं जग जास्त आवडलं?"

तिसऱ्या सीझनमध्ये विंडेनसारखंच दुसरं एक विंडेन निघतं, एवढं मला झोपेआधी दिसलं होतं. तिथे मिकेल हरवतच नाही, त्यामुळे योनास जन्माला येत नाही, आणि मार्था पहिल्यापेक्षा करारी आहे. मी मुरलेल्या सभासदासारखा म्हणालो, "दोन्ही आपापल्या जागी उत्तम."

"आणि तिसरं?"

"तिसरं कुठलं?"

तो थांबला. मीही थांबलो. मास्कने तोंडच नाही, अब्रूही झाकता येते, हा शोध मला त्या क्षणी लागला. "नाही, तिसऱ्याबद्दल आत्ताच बोलत नाही," मी म्हणालो, "काकांनी अजून पाहिलेलं नसेल."

काका म्हणजे तळमजल्यावरचे. त्यांनी खरंच पाहिलेलं नव्हतं, पण मत तयार होतं. "पहिला सीझन तो पहिला. पुढे नुसता पाणचट रस्सा." काकांचं सगळ्याच बाबतीत हे असं असतं. मिसळ म्हातारा मालक गल्ल्यावर होता तेव्हाची, आंबा पूर्वीचा, आणि पाऊस तर त्यांच्या लहानपणीच पडून गेला. दुसरा सीझन न बघताच तिसरा बिघडल्याचं त्यांना कळतं, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लग्नाआधी जर्मनची एक परीक्षा दिली होती. त्यांचं म्हणणं, ही मालिका मूळ जर्मनमध्येच बघायला हवी, सबटायटल्समध्ये सगळा अर्क उडून जातो. त्यांना टेबलावर सफरचंद आहे आणि स्टेशन कुठे आहे एवढं नीट सांगता येतं. विंडेनमध्ये मात्र सफरचंदाबद्दल कोणीच बोलत नाही. कॉलेजात जाणारा एक मुलगा पाण्याच्या टाकीला टेकून म्हणाला, "मला पहिल्याच भागात शेवट कळला होता." प्रत्येक गच्चीवर असा एक असतो. तो परीक्षेतही पेपर सोपा गेल्याचं सांगतो. निकालाच्या दिवशी दिसत नाही.

एवढ्यात आयटीवाला पुन्हा वळला. "पण बूटस्ट्रॅप पॅरडॉक्स किती सुरेख हाताळलाय ना?"

"फारच," मी म्हणालो, आणि बुटाची नाडी सुटली असल्यासारखा खाली वाकलो.

घरी येऊन मी हे आत्याला विचारलं. म्हणजे आधी गुपचूप इंटरनेटवर वाचलं, ते कळलं नाही, म्हणून विचारलं. एखादी वस्तू भविष्यातून भूतकाळात जाते, तिथून पुन्हा भविष्यात येते, आणि फिरत राहते. मग मुळात ती बनवली कोणी?

"ब्लाउजपीस," आत्या म्हणाली.

"काय?"

"अरे, चैत्रातल्या हळदीकुंकवाला मी जोशीणबाईंची ओटी भरली त्याच ब्लाउजपीसने. त्यांनी संक्रांतीला तो पाटणकरांकडे दिला, पाटणकरांनी डोहाळजेवणात तुझ्या आईला, आणि तुझ्या आईने दिवाळीत मला. मोरपंखी होता. कोणी शिवला नाही, कोणी विकत घेतलेलाही आठवत नाही. तसाच फिरतोय." मला पॅरडॉक्स एका क्षणात कळला. पुढच्या गच्चीफेरीत आयटीवाल्याला समजावला, तर तो म्हणाला, "हे एक्झॅक्टली असं नसतं." म्हणजे त्यालाही कळला होता, आणि ते त्याला सहन झालं नव्हतं.

आम्ही तिसरा सीझन रोज एक भाग या बेताने बघत गेलो. आत्याला सबटायटलचा पहिला शब्द लागेपर्यंत ओळ बदलत असे, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. माझं भाषांतर आणि मालिका यांच्यात साधारण दीड मिनिटाचं अंतर पडायचं. त्यामुळे पडद्यावर 1888 चालू असताना आत्या 2019 ऐकत होती. पण तिला फरक पडला नाही, कारण तिचं लक्ष वेगळीकडेच होतं. "एवढा पाऊस पडतोय, आणि छत्र्या कुठेत यांच्या?" किंवा, "हा माणूस तेहतीस वर्षं चालून आला, त्याला कोणी पाणी विचारलं का?" माझ्या मते 'डार्क'वर जगात झालेल्या टीकेतला हा सगळ्यात मूलगामी मुद्दा आहे. विंडेनमध्ये कोणीही कुठल्याही काळातून दारात उभा राहो, लोक आधी त्याच्याकडे टक लावून बघतात आणि मग पाठ फिरवून कोड्यात बोलतात. आमच्याकडे आधी 'कुठून आलात' आणि 'जेवलात का' विचारलं असतं. दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली असती तर मालिका पहिल्याच सीझनच्या चौथ्या भागात संपली असती.

आणि मग तो आला. तिसऱ्या सीझनमध्ये तीन माणसं एकत्र फिरतात. एक मुलगा, एक प्रौढ, एक म्हातारा. तिघांच्याही ओठावर तीच खूण, कारण तिघं एकच आहेत. नाव नाही. हा योनासचा आणि दुसऱ्या जगातल्या मार्थाचा मुलगा. इथे मी भाषांतर थांबवलं, कारण पुढे काय म्हणायचं हे मलाच सुचेना. या माणसाला पूर्वीच्या काळात जाऊन मुलगा होतो, तो ट्रोंटे. ट्रोंटेचा मुलगा उलरिख. उलरिखची मुलगी मार्था, मुलगा मिकेल. मिकेलचा मुलगा योनास. आणि योनास-मार्थाचा मुलगा पुन्हा हाच.

आत्याने दुसरी नळी केली होती, दुसऱ्या जगासाठी. तिने दोन्ही नळ्या मांडीवर घेतल्या आणि बोट ठेवत मोजायला लागली. "मुलगा. नातू. पणती." बोट नळीच्या मागच्या बाजूने फिरून पुढे आलं. "खापरपणतू." बोट जिथून निघालं होतं तिथेच येऊन थांबलं.

बराच वेळ कोणी बोललं नाही.

"हा स्वतःचाच खापरपणतू आहे," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच हताशपणा ऐकला. "नऊ वर्षांत असं आलं नव्हतं. कुलवृत्तांतात मूळ पुरुष म्हणजे ज्याच्या आधीचं कोणी सापडत नाही तो. इथे मूळ पुरुषाच्या आधी त्याचीच पणती बसलीय." मग थोडं थांबून, "हा गेला तर सुतक कोणी धरायचं? यानेच? आणि पिंड?"

"आत्या, ते ख्रिश्चन आहेत."

"असू देत. हिशेब लागायला नको?"

त्या रात्री ती दोन वाजता उठली आणि दिवा लावून दोन्ही नळ्या एकमेकींत घालून बघत होती. मी बघितलं आणि हळूच दार लोटून घेतलं. माणसाने लोकांना मालिका सुचवताना वयाचा विचार करावा.

शेवटचा भाग आम्ही आषाढातल्या एका पावसाळी संध्याकाळी पाहिला. तिसरं जग शेवटी उलगडतं. खरं जग तेच. तिथे टानहाउस नावाचा एक घड्याळजी आहे. त्याचा मुलगा बापाशी भांडून, बायको आणि तान्ह्या लेकीला घेऊन, पावसात गाडी काढून निघून जातो, पुलावर अपघात होतो आणि तिघंही जातात. त्यांना परत आणण्यासाठी म्हातारा 1986 मध्ये एक यंत्र बनवतो, ते सुरू करतो, आणि एका जगाची दोन जगं होऊन सगळा गुंता तयार होतो. योनास आणि मार्था तिथे जाऊन ती गाडी थांबवतात. अपघात टळतो, यंत्र बनत नाही, दोन्ही जगं विरून जातात, आणि त्यांच्याबरोबर हे दोघंही.

बायको म्हणाली, "म्हणजे आपण 26 भाग जे बघितलं ते घडलंच नाही?"

"घडलं, पण आता नाही घडलं."

"मग मी तेवढ्या वेळात कपाटं आवरली असती."

गच्चीवर या शेवटावरून दोन तट पडले होते. आयटीवाल्याच्या मते एवढा गुंता घालून तो इतका स्वच्छ सोडवणारी दुसरी मालिका नाही. टाकीजवळच्या मुलाच्या मते सगळं पुसून टाकणं ही पळवाट आहे. वहिनींच्या मते शेवट जर्मनमध्ये जास्त चांगला आहे. मी दोन्ही तटांना हो म्हणून आलो होतो. पण आत्याचं मत या सगळ्यांपेक्षा वेगळं निघालं, आणि तीन सीझनमध्ये मला पूर्णपणे पटलेलं ते एकमेव मत.

"जेवून जा म्हणायला हवं होतं," ती म्हणाली.

"कोणी?"

"त्या घड्याळवाल्याने. पोरगं रागावलंय, बाहेर पाऊस, सून बरोबर, तान्हं मूल. अशा वेळी भांडण ज्याचं त्याच्या जागी. 'जेवून जा, सकाळी निघा' एवढं म्हटलं असतं तर जगाची दोन जगं झाली असती का? यंत्र बनवण्याइतकी बुद्धी आहे, आणि तेवढं तोंडातून निघालं नाही." आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की मला 1998 मधली एक रात्र आठवली. मी बाबांशी भांडून स्कूटरला किक मारली होती, तेव्हा हीच आत्या दारात पीठभरल्या हातांनी आडवी उभी राहिली होती. जेवायला पिठलं होतं. मी रागारागाने चार भाकऱ्या खाल्ल्या आणि मग झोपच आली.

मालिका मात्र अजून संपली नव्हती. शेवटच्या प्रसंगात खऱ्या जगातले सहा जण जेवायला बसलेले आहेत. त्यात तो पोलीस व्योलर. पहिल्या जगात त्याच्या डोळ्यावर पट्टी असते. दुसऱ्या जगात डोळा शाबूत, पण हात नसतो. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून आत्याचा त्याच्यावर विशेष जीव. "याचाही एकच झालाय वाटतं," असं ती तेव्हा आपल्या डाव्या डोळ्याला हात लावत म्हणाली होती. नंतर कोणी मेलं, कोणी जन्मलं, कोणी स्वतःलाच भेटलं, तरी तिची चौकशी एकच. याच्या डोळ्याला झालं काय? तो सांगायला निघायचा आणि काहीतरी होऊन ते राहून जायचं. आणि आता अगदी शेवटी, जेवणाच्या टेबलावर, तो सांगायला लागला. आत्या दिवाणावर सरसावून बसली. मला म्हणाली, "नीट सांग हं, एकही शब्द गाळू नकोस."

आणि पडद्यावरचे दिवे गेले.

"बघ, नेमकी लाइट गेली," आत्या वैतागून म्हणाली. "इन्व्हर्टर लाव."

"आत्या, आपली नाही, त्यांची गेली."

"त्यांची? जर्मनीत? गावात अणूची वीज आहे की रे त्यांच्या!"

पुढे दिवे आले, पण बोलणं दुसरीकडेच वळलं. कोणालाही त्या बिचाऱ्याला 'मग पुढे काय झालं' असं विचारायचं सुचलं नाही. आमच्याकडे मात्र अर्धा तास फक्त तेवढीच चर्चा झाली.

आत्याचा डावा डोळा दिवाळीनंतर झाला आणि ती चिपळूणला गेली. दोन नळ्यांपैकी एक आमच्या दारात आहे. पावसाळ्यात तिच्यात छत्र्या ठेवतो. दुसरी ती घेऊन गेली, तिसऱ्या आवृत्तीच्या समितीला दाखवायला. महिन्यातून एकदा फोन येतो. खुशाली, पाऊस, फणस, कोणाचं काय ठरलं, सगळं झालं की आवाज जरा खाली आणून विचारते, "त्या पोलिसाचं काही कळलं का रे?"

"आत्या, मालिका संपली. कधीच."

"संपली कशी? त्याने सांगायला सुरुवात केली होती."